बॉइसीत राहिलेला डबा

आयडाहो म्हटलं की इथे अमेरिकेत माणसाला बटाटा आठवतो. आमच्या कॅलिफोर्नियातल्या, फ्रीमाँटच्या मित्रमंडळींनाही तोच आठवला. आमच्या सईला आयडाहोतल्या बॉइसी गावी नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "चला, वहिनींच्या उपासाची सोय झाली." सगळे हसले. मग त्याच्याच बायकोने शुभदाला हळूच विचारलं, "पण तिथे आपलं कोण आहे गं?"

हसणं तिथेच संपलं. शुभदा म्हणजे माझी बायको. त्या दिवसापासून ती हाच प्रश्न घेऊन घरभर फिरत होती. पोळ्या लाटताना, कपड्यांच्या घड्या घालताना, ऑफिसची मीटिंग म्यूट करून. तिथे आपलं कोण आहे?

कोणी नव्हतं. फ्रीमाँटला कसं, आमच्या घरात कोणी दोनदा शिंकलं की शेजारून आल्याचा चहा येतो. बॉइसीला सईला ताप आला तर पेज कोण करून देणार, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सईकडे होतं, पण ते शुभदाला पसंत नव्हतं. सईचं उत्तर होतं, "आई, आय विल ऑर्डर सूप."

सई आमची एकुलती एक मुलगी. इथेच जन्मली, इथेच वाढली, आता पंचविशीत आहे. ती काय काम करते हे मी नातेवाइकांना सांगू लागलो की फोनवर शांतता पसरते. डोंगरांवर वणवा लागून गेला की तिथे गवत आणि झुडपं पुन्हा कशी उगवतात, याचा ती अभ्यास करते. माझ्या थोरल्या भावाने वर्ध्याहून सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे गवत मोजते?"

मी हो म्हणालो.

"त्याचा पगार देतात?"

मी पुन्हा हो म्हणालो.

"मग चांगलं आहे," तो म्हणाला. "आपल्याकडे फुकट उगवतं आणि कोणी बघतही नाही."

तर ऑगस्टच्या अखेरीस सईचा सगळा संसार मिनीव्हॅनमध्ये कोंबून आम्ही निघालो. वाटेतलं नेवाडाचं वाळवंट मी सांगत बसत नाही. एकच चित्र दिवसभर भिंतीवर लावून ठेवावं तसं ते असतं. शुक्रवारी संध्याकाळी खोकी तिसऱ्या मजल्यावर चढवली. त्यात माझ्या कमरेने काय काय ऐकवलं तेही वगळतो. रविवारी सकाळी आम्ही दोघं परत निघणार होतो. मधला शनिवार मोकळा होता. सईने गाव दाखवायचं आणि आम्ही बघायचं, असं ठरलं होतं. शुभदाचं आणखीही काही ठरलं होतं, आणि ते एका स्टीलच्या डब्यात होतं.

तीन दारं

हा डबा आमच्या घरात एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखा वावरतो. उभट, घट्ट झाकणाचा, बुडाला एक पोचा आलेला. पोटावर, भांड्यांच्या दुकानात ते टर्रर्र करणारं यंत्र असतं ना, त्याने टिंबाटिंबांनी कोरलंय: चि. शुभदास, आईकडून. लग्नातला डबा. माझ्या सासूबाई आता नाहीत. टिंबं आहेत.

असा डबा कुणाच्याही घरी गेला तरी परत येतो, कारण त्यावर नाव असतं. आणि येताना रिकामा येत नाही, कारण तशी रीतच आहे. दिलेल्या भांड्यातून साखरेची चिमूट का होईना, पण काहीतरी परत यायलाच हवं. आमच्या डब्याने फ्रीमाँटमध्ये अशा असंख्य फेऱ्या मारल्या आहेत. चकल्या घेऊन गेला, ढोकळा घेऊन आला. एकदा एका तेलुगू घरातून असा काही तिखट लोणच्याचा मसाला घेऊन आला की आठवडाभर मी ऑफिसात डोळे पुसत होतो आणि लोकांना वाटलं माझ्या घरी काहीतरी झालंय.

या खेपेला डब्यात बेसनाचे लाडू होते. शनिवारी सकाळी सई अंघोळीला गेल्याबरोबर शुभदाने तो उचलला आणि मला म्हणाली, "चल, शेजारी जाऊन येऊ."

पहिल्या दाराची बेल वाजवली. बेलच बोलली. पार्सल खाली ठेवा आणि जा, असं तिने सांगितलं. हे पार्सल नाही, शुभदाने बेलला समजावलं, आम्ही नवीन शेजारणीचे आईवडील. बेल गप्प झाली. दुसऱ्या दारात कानांवर मोठे हेडफोन घातलेला एक तरुण आला. यात बदाम आहेत का, त्याने विचारलं. आहेत म्हटल्यावर तो दोन पावलं मागे सरकला आणि तिथूनच अतिशय नम्रपणे आभार मानले. तिसऱ्या दारातल्या मुलीने मात्र हसून स्वागत केलं. पण तिने साखर सोडली होती. तिच्या कुत्र्याने सोडली नव्हती, त्याला आवरता आवरता ती दमली.

तेवढ्यात केस ओले, खांद्यावर टॉवेल, अशी सई पॅसेजमध्ये उभी.

"आई, लोक इथे असं करत नाहीत. त्यांना वाटेल तुम्ही काहीतरी विकायला आलात."

"मग काय करतात? रात्री-अपरात्री बरं वाटेनासं झालं तर कुणाचं दार वाजवतात?"

"नोबडीज. मी मॅनेज करीन. प्लीज, आता अजून कुठे जाऊ नको."

शुभदाने डबा आपल्या मोठ्या कापडी पिशवीत ठेवला. सई आत गेल्यावर मला म्हणाली, "मला काय अख्खं गाव नको होतं रे. एक दार हवं होतं."

नदी

बॉइसी हे झाडांचं गाव आहे. भोवती सगळे डोंगर सिंहाच्या पाठीसारखे पिवळे, बोडके, आणि मध्ये ही एवढीच हिरवी ओंजळ. गावाच्या मधून नदी वाहते, आणि उन्हाळ्यात त्या नदीतून गाव वाहतं. ही अतिशयोक्ती नाही. रबराच्या मोठ्या फुगीर चाकांवर उताणी पडून माणसं प्रवाहाबरोबर सोडून देतात स्वतःला. कोणी वल्हवत नाही. आम्ही काठावरच्या उंच झाडांच्या सावलीत बसलो आणि समोरून एक एक जण जात राहिला. तोंडावर हॅट ठेवून झोपलेले आजोबा. पुस्तक वाचणारी बाई, पान उलटायला थांबावं तशी एका दगडाला टेकली आणि पुन्हा सुटली. स्वतंत्र चाकावर बसलेला एक कुत्रा, चेहऱ्यावर ऑफिसला निघाल्याचा भाव. कुणाचा तरी हसण्याचा आवाज पाण्यावरून यायचा, आणि हसणारा दिसेपर्यंत आवाज पुढे निघून गेलेला असायचा.

आमच्या फ्रीमाँटला शनिवारसुद्धा फ्रीवेवरच असतो. कराटे, गणित, पोहणं, वाढदिवस. इथला शनिवार पाठीवर पडून चालला होता. बघता बघता माझ्या पापण्या जड झाल्या. मी पाय पाण्यात सोडले, आणि त्या सुखात माझ्या उजव्या पायातली चप्पलही सुटली.

चप्पल लगेच बुडाली असती तर बरं झालं असतं. ती तरंगली. आजोबा आणि कुत्रा यांच्यामध्ये जागा बघून ती रांगेत लागली आणि डुलत डुलत पुलाखालून निघून गेली. मी काठाने काही अंतर तिच्याबरोबर लंगडत गेलो. एका बाईने माझ्याकडे बघून हात हलवला. तिला वाटलं मी तिला निरोप देतोय.

सईने गाडीतून तिच्या रबरी स्लिपर काढून दिल्या. पिवळ्या, वर एक एक प्लास्टिकचं सूर्यफूल. त्या दिवसाची माझी सगळी ऐतिहासिक आणि सांस्कृतिक पाहणी त्या सूर्यफुलांवरून झाली आहे, हे वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावं.

बास्क गल्ली

स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवरच्या डोंगरात बास्क नावाचे लोक राहतात. त्यांची भाषा जगातल्या दुसऱ्या कुठल्याच भाषेच्या नात्यात नाही म्हणतात. शंभरेक वर्षांपूर्वी त्यांच्यातले तरुण घरची गरिबी मागे टाकून इथे आले आणि या पिवळ्या डोंगरांवर मेंढ्या राखू लागले. आज त्यांची नातवंडं-पतवंडं इथे वकील आहेत, डॉक्टर आहेत, पण गावाच्या मध्यावर एक अख्खी गल्ली अजून त्यांची आहे. खांबांवर लाल-हिरवे-पांढरे झेंडे, रस्त्यावर टाकलेली टेबलं, विटांच्या एका जुन्या घरासमोर ओकचं झाड. ते झाड त्यांच्या मायदेशातल्या एका पवित्र झाडाच्या वंशातलं आहे, असं सई म्हणाली. झाडांचे वंश तिला पाठ असतात. आत्याच्या मुलांची नावं विचारली तर अडखळते.

ते विटांचं घर म्हणजे जुनी खाणावळ. आता संग्रहालयात मोडतं. घर दाखवणाऱ्या मुलीने सांगितलं की पोरं रेल्वेतून उतरायची तेव्हा त्यांना इंग्रजीचा एक शब्द यायचा नाही. कुणीतरी फक्त या घराचा पत्ता शिकवून पाठवलेला असायचा. मग वर्षातला बराच काळ डोंगरात एकटं राहायचं, मेंढ्या आणि कुत्रा एवढंच गणगोत, आणि हिवाळ्यात या घरी यायचं. मालकीण जेवू घालायची, सदरे शिवायची, डॉक्टरकडे न्यायची, आणि मुलगा बरा वाटला तर लग्नही जुळवून द्यायची.

शुभदा स्वयंपाकघराच्या दारातून हलेना. काळी लोखंडी शेगडी, भिंतीवर डाव, ओटा हातांनी घासून गुळगुळीत झालेला. तिने विचारलं, आणि कोणी आजारी पडलं तर?

"तर इथेच यायचा," ती मुलगी म्हणाली. "दुसरं दार कुठे होतं?"

शुभदाने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या सूर्यफुलांकडे बघितलं.

आत एका भिंतीवर झाडांच्या खोडांचे फोटो होते. डोंगरातली अॅस्पेनची झाडं, पांढऱ्या सालीची. एकटेपणात त्या पोरांनी चाकूच्या टोकाने सालीवर आपली नावं कोरलेली. नाव, गावाचं नाव, कुठे एखाद्या मुलीचा चेहरा. कोरताना केसासारखी बारीक रेघ असते, सई सांगत होती, दिसतसुद्धा नाही. झाड वाढत जातं तशी ती रुंदावते, काळी होते. म्हणजे लिहिणारा पुढच्या डोंगरावर निघून जायचा आणि त्याचं नाव मागे राहून मोठं होत जायचं.

"आणि झाड मेलं की?" मी विचारलं.

"नावही जातं. म्हणून तर फोटो काढून ठेवलेत."

शुभदा म्हणाली, "आपण भांड्यावर घालतो ते बरं." आणि पिशवीवर हात ठेवला.

शेजारीच चेंडूच्या खेळाची जुनी बंदिस्त जागा आहे, उंच भिंतींची. तिथे दोन म्हातारे उघड्या तळहाताने चेंडू भिंतीवर मारत होते. टप्प. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्प. आम्ही वरच्या बाकावर बसलो. मी डोळे फक्त मिटले होते, असं माझं म्हणणं आहे. शुभदा म्हणते मी घोरत होतो. एवढं खरं की मला आमच्या फ्रीमाँटच्या टाउनहाउसच्या जिन्यावरून मेंढ्या चढताना दिसल्या. एकामागून एक, शांतपणे. वर सईच्या खोलीत जात होत्या, आणि एकही खाली येत नव्हती. टप्प. मी जागा झालो तेव्हा सईचं डोकं तिच्या आईच्या खांद्यावर होतं आणि दोघी भिंतीकडे बघत होत्या. मी पुन्हा डोळे मिटले. कधी कधी झोपल्याचं सोंग हीच बापाची मदत असते.

लांब टेबल

जेवायला गल्लीच्या टोकाला एका घरगुती ठिकाणी गेलो. दारात एक आजीबाई खुर्ची टाकून शेंगा सोलत बसल्या होत्या. सगळे त्यांना 'अमुमा' म्हणत. त्यांच्या भाषेत अमुमा म्हणजे आजी. आपली आई अशाच एका खाणावळीची मालकीण होती, आणि आता सून-नातवंडं हॉटेल चालवतात, हे त्यांनी आम्ही बसायच्या आधीच सांगून टाकलं. बसायचं कुठे, हेही त्यांनीच शेंगेने दाखवलं.

वेगळी टेबलं नव्हतीच. एकच लांब टेबल, पांढरं कापड, दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं मांडीला मांडी लावून. थेट पंगतच म्हणा, फक्त वाढपी नाही. मोठाली भांडी हातोहात सरकत येतात. आपण घ्यायचं आणि शेजाऱ्याकडे द्यायचं. आधी लसणाचं सार आलं, पाव भिजवलेलं, झणझणीत नव्हे पण नाकात दरवळणारं. मग घेवड्याची उसळ. मग कोशिंबीर. आता लहानपणापासून माझ्यावर संस्कार असा की पानात टाकायचं नाही. उसळीचं भांडं माझ्यापाशी येऊन थांबलं तेव्हा तळाशी थोडी उरली होती, ती मी पुसून घेतली. ताबडतोब नवं भांडं भरून आलं. मी तेही आटोक्यात आणलं. तिसरं आलं. समोरच्या दाढीवाल्या गृहस्थाने मला हळूच सांगितलं की रिकामं भांडं दिसलं की इथे भरतात, आणि मुख्य जेवण अजून यायचं आहे. मग मटणाचा रस्सा आला. असा वास, असा रंग. मी त्याच्याकडे, हरलेला राजा गडाकडे बघतो तसा बघत राहिलो.

शुभदा नुसता पाव कुरतडत होती. ती मटण खात नाही. अंडं चालतं, पण तेही मनात असलं तर, आणि आज मन कुठे होतं कोण जाणे. अमुमा शेंगांचं टोपलं घेऊन आमच्याच टेबलाच्या टोकाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, काही आणू का? शुभदा 'नको' म्हणाली.

इथे थोडं थांबून सांगतो. इतकी वर्षं अमेरिकेत काढून आम्हाला एक गोष्ट अजून सोसत नाही. इथे आपलं 'नको' पहिल्याच फटक्यात मंजूर होतं. आपलं पहिलं 'नको' म्हणजे नुसता घसा साफ करणं असतं. दुसरं शिष्टाचाराचं. तिसऱ्याला माणूस ताट पुढे करतो. पण इथला यजमान पहिल्यालाच "ओके" म्हणून भांडं उचलतो आणि आपण उपाशी घरी येतो.

अमुमांनी पुन्हा विचारलं. शुभदा पुन्हा 'नको' म्हणाली. अमुमांनी शेंगा खाली ठेवल्या, तिच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि तिसऱ्यांदा विचारलंच नाही. आत कुणाला तरी हाक मारली. थोड्या वेळाने बशीत बटाट्याच्या काचऱ्या अंड्यात जमवून केलेला जाडजूड, सोनेरी, कापलेला तुकडा आला. आयडाहोचा बटाटा एकदाचा भेटला.

शुभदाने तो सगळा खाल्ला. खाताना मध्येच तिचे डोळे भरून आले, आणि अमुमांनी ते न बघितल्यासारखं करून तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

शेवटी दालचिनी घातलेली तांदळाची खीर आली. "वेलची हवी होती," शुभदा मला मराठीत म्हणाली, म्हणजे तिला बरं वाटत होतं. मग तिने पिशवीतून डबा काढला.

सईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. पण अमुमांनी बदाम विचारले नाहीत, साखर विचारली नाही. लाडू घेतला, तोडला, खाल्ला, आणि बोटाने टेबलक्लॉथवरचे कणही टिपले. मग डबा जवळ ओढून टिंबांवरून बोट फिरवलं.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"माझी आई," शुभदा म्हणाली. "तिने दिला. माझं नाव आहे."

अमुमांनी मान हलवली. पुढचं बोलणं मला नीटसं ऐकू आलं नाही, कारण मी हात धुवायला गेलो आणि ओल्या फरशीवर एक सूर्यफूल निखळलं, ते शोधत होतो. परत आलो तेव्हा दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. शुभदा बेसन भाजल्याचा हात करून दाखवत होती, आणि अमुमा सईकडे बघत होत्या.

डोंगर

संध्याकाळी सईने आम्हाला गावामागच्या डोंगरावर नेलं. ऊन उतरून मधासारखं झालं होतं. पायाखाली कोरडं गवत, हवेत सेजब्रशच्या करड्या झुडपांचा वास, ओवा आणि कापूर एकत्र चुरडल्यासारखा. डोंगराची एक बाजू काळी होती, वणव्याची. सई तिथे गुडघ्यांवर बसली आणि जळक्या काडक्यांचा एक झुबका हलकेच बाजूला केला. तळाशी नखाएवढं हिरवं होतं.

"वरून बघितलं तर वाटतं मेलं. इथे बघ ना, बाबा." मी वाकलो. कंबर काहीतरी म्हणाली, मी दुर्लक्ष केलं. सई बोलत होती, गवतांची नावं घेत होती, हातांवर काजळी, गालावर काजळी. मला पहिल्यांदा कळलं की तिला इथे नोकरी लागलेली नाही, ती या डोंगराच्या प्रेमात पडली आहे. शुभदाही तिच्याकडेच बघत होती. तिच्याही लक्षात आलं असावं. खाली गाव झाडांत बुडून गेलं होतं. कुठेतरी लांब मेंढ्यांचा कळप सरकत होता, की ढगाची सावली, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

अशा वेळी माणसाला काहीतरी गोड खावंसं वाटतं. मी म्हणालो, "एक लाडू दे."

शुभदाने पिशवी चाचपली. "डबा राहिला वाटतं तिथे," ती म्हणाली.

इतक्या थंडपणे! एका झाकणासाठी जिने मला दोन तासांवरच्या सॅक्रामेंटोहून मागे फिरायला लावलं होतं, तीच ही बाई. मी लगेच उठलो. ती म्हणाली, राहू दे, उशीर होईल. मी म्हणालो, सासूबाईंचा डबा आहे. ती म्हणाली, "अरे, राहू दे म्हटलं ना." मला वाटलं, बिचारी, माझ्या कमरेची काळजी करते. उलट मला जोरच चढला. सकाळी चप्पल गेली होती. एका दिवसात दोन वस्तू गमावणारा नवरा म्हणून मला फ्रीमाँटला परतायचं नव्हतं.

गाडी हॉटेलसमोर लावून मी एकटाच उतरलो. आत संध्याकाळची तयारी चालली होती. डबा समोरच फळीवर होता, धुऊन पुसून, काचेच्या बरण्यांच्या रांगेत, वर्षानुवर्षं तिथेच असल्यासारखा. मी म्हणालो, तो आमचा, चुकून राहिला.

अमुमांनी विचारलं, "तुला बायकोने पाठवलं?"

"नाही. मीच आलो."

"वाटलंच मला." त्यांनी हात पुसले. "रिकामं भांडं मी परत देत नाही. माझ्या आईनेही कधी दिलं नाही. उद्या दुपारी आम्ही घरची सगळी इथे जेवतो. मुलीला पाठव. ती येईल, आमच्याबरोबर बसेल, आणि डबा घेऊन जाईल."

मी म्हणालो, त्याची काही गरज नाही, उगाच तुम्हाला त्रास. हे माझं पहिलं 'नको' होतं. अमुमांनी ते ऐकूनच घेतलं नाही. त्या डब्यासमोरची बरणी सरळ करत राहिल्या.

मी रिकाम्या हातांनी गाडीत येऊन बसलो. शुभदाने माझे हात बघितले, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. मी निरोप सांगितला.

सई म्हणाली, "असं कसं कुणाच्याही फॅमिलीत जाऊन जेवायचं? आय डोन्ट इव्हन नो देम."

"जेवायला नको जाऊस," शुभदा म्हणाली. "डबा आणायला जा. माझ्या आईचा आहे."

मागच्या सीटवर पट्टा सुटल्याचा आवाज आला. मग सई पुढे वाकली. "आई. तू मुद्दाम ठेवलास."

"विसरले गं. वय झालं आता."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवसभर जे एक दार ती शोधत होती, ते तिने उघडून ठेवलं होतं, आणि मी ते बंद करायला सूर्यफुलं फटफटवत निघालो होतो. ते वाचलं ते एका अनोळखी म्हातारीच्या हट्टामुळे. मी गाडी सुरू केली. नदीवरच्या पुलावरून जाताना शुभदाने हात लांब करून माझ्या मांडीवर एक हलकीशी चापट मारली. त्याचा अर्थ मी क्षमा असा घेतला.

परत

रविवारी सकाळी निरोप झाला. तो मी लिहीत नाही. तीन माणसं, एक पॅसेज, आणि तिसऱ्या दारातला तो कुत्रा, ज्याला आता आमच्याबद्दल आस्था उत्पन्न झाली होती.

मग पुन्हा नेवाडा. तेच चित्र भिंतीवर. पांढरी सपाट जमीन, क्षितिजावर तरंगणारे निळे डोंगर, ज्यांना पायथाच नसतो. शुभदा खिडकीला डोकं टेकून होती. घड्याळाकडे बघत नव्हती, पण गाडीतला प्रत्येक सिग्नल, प्रत्येक टिंगटिंग ती ऐकत होती. जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी फोन वाजला. स्पीकरवर सईचा आवाज, मागे भांड्यांचा, पाण्याच्या नळाचा.

गेली होती. अमुमांनी शेजारी बसवून घेतलं. एक नातू डोंगरात मेंढपाळांना रसद पोहोचवतो, त्याला जळलेल्या त्या उताराची माहिती होती. दोघं जेवणभर गवतावर बोलत होते आणि बाकीचे जांभया देत होते. डबा भरून खीर दिली. आता ती घरी येऊन डबा घासत होती.

"आई," ती म्हणाली, "बेसन किती मिनिटं भाजायचं?"

शुभदा ताठ बसली. "का गं?"

"डबा पुन्हा त्यांच्याकडे न्यायचाय ना. अमुमा म्हणाली पुढच्या रविवारी ये, डबा घेऊन. असा रिकामा कसा नेऊ?"

शुभदाने एकदा माझ्याकडे बघितलं, मग समोर रस्त्याकडे. "मिनिटांवर नसतं ते. मंद आचेवर भाजायचं, वास येईपर्यंत. हात थांबवायचा नाही."

"पण कसला वास?"

"थांब, सांगते. आधी तूप किती घेतलंयस?"

पुढे डोंगराची खिंड होती. तिच्यापलीकडे फोनची रेंज जाते, हे मला येताना कळलं होतं. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.